चिनी परंपरेत शाळा-परीक्षेच्या स्वप्नांचा अर्थ: नापास झाल्याचं स्वप्न खरंच शुभ मानायचं का?

हांगचौकर:

कामानिमित्त सहा वर्षं चीनमध्ये, हांगचौला काढली. तिथं असताना मला एकच स्वप्न परत परत पडायचं. दहावीचा गणिताचा पेपर आहे, वर्ग सापडत नाहीये, मी जिने चढतेय उतरतेय आणि शेवटी आत शिरते तर सगळे पेपर देऊन बाहेर पडतायत. एकदा सकाळी शेजारच्या आजींना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाल्या, छान झालं की, स्वप्न उलटं असतं! नापास झाल्याचं दिसलं म्हणजे काम होणार, आणि पहिला नंबर आल्याचं दिसलं तर जरा जपून राहायचं.

"स्वप्न उलटं असतं" हे तिथं अगदी रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे, आणि ते आजचं नाहीये. इ.स.पू. ६३२ मध्ये छंगफूची मोठी लढाई झाली, तिच्या आधी जिन राज्याच्या वन नावाच्या अधिपतीला स्वप्न पडलं की छू राज्याचा राजा कुस्तीत आपल्या छाताडावर बसून आपला मेंदू शोषतोय. बिचारा हादरला. त्याचा सल्लागार म्हणाला, अहो हे शुभ आहे, तुम्ही उताणे होतात म्हणजे तुमचं तोंड आकाशाकडे, तो पालथा म्हणजे अपराध्यासारखा वाकलेला. आणि लढाई जिनने जिंकली.

माझं मत सांगते. चौ-कुंगच्या नावाने चालणाऱ्या जुन्या पुस्तकातले हे स्वप्नांचे अर्थ आपण अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकू नयेत. ज्या देशाने सातव्या शतकापासून १९०५ पर्यंत, म्हणजे १३०० वर्षं, परीक्षा घेऊन अधिकारी निवडले त्या देशाला परीक्षेच्या भीतीबद्दल जे कळलंय ते आपल्याला अजून कळायचंय. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_सातारा:

ताई, चोवीस वर्षं गणित शिकवतोय, त्यामुळे जरा स्पष्ट बोलतो. वाईट दिसलं तर उलटं धरायचं आणि चांगलं दिसलं तर? त्याच आजी चांगलं स्वप्न पडल्यावर "वा, चांगलं आहे" म्हणाल्या असत्या की नाही ते सांगा. ज्या नियमाने कुठलंही उत्तर बरोबर येतं त्याला मी नियम म्हणत नाही. आणि छंगफूचं म्हणाल तर लढाई हरले असते तर स्वप्न सरळ होतं असं लिहून ठेवलं असतं, बास.

शिवाय हा चौ-कुंग म्हणजे कोण ते पण सांगा की लोकांना. तो होऊन गेला तीन हजार वर्षांपूर्वी, चौ घराण्याच्या पहिल्या राजाचा भाऊ, राज्य नीट लावून देणारा मोठा माणूस. त्याने स्वप्नांचं पुस्तक लिहिलं याला काय आधार आहे?

चिंचगूळ:

मी पुण्यात चिनी भाषा शिकतेय, चौथं वर्ष, म्हणून थोडं लिहिते. सरांचा मुद्दा बरोबर आहे, पुस्तक त्याचं नाही. पण नाव का चिकटलं ते बघा ना. कन्फ्यूशियस म्हातारपणी हळहळला होता की मी फार थकलो, किती दिवसांत चौ-कुंग माझ्या स्वप्नात आले नाहीत. त्यावरून चौ-कुंग आणि झोप यांची जोडी जमली ती कायमची. आजही वर्गात कोणी पेंगला तर मुलं म्हणतात की हा चौ-कुंगला भेटायला गेलाय, आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात हा वाक्प्रचार शिकवला तेव्हापासून माझा सगळ्यात आवडता आहे.

आणि पुस्तक जुनं तर नक्की आहे. १९०० साली तुनहुआंगच्या गुहांमध्ये एक बंद केलेली खोली सापडली, हजारो हस्तलिखितं, त्यात स्वप्नांच्या अर्थांच्याही पोथ्या निघाल्या, एक तर चौ-कुंगचंच नाव असलेली २३ प्रकरणांची. म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी सुद्धा लोक हे हाताने उतरवून घेत होते.

पण ताई, माझा विरोध वेगळ्याच गोष्टीला आहे. या जुन्या याद्यांमध्ये असतं काय तर आकाश, सूर्य, डोंगर, झाडं, घर, कपडे, केस, भाऊ-बहीण, अधिकारी. बाकं, फळा, युनिफॉर्म, तासाची घंटा असलेली शाळा तिथं असणारच कशी, ती चीनमध्ये घरोघरी पोचली ती जुनी परीक्षापद्धत मोडायच्या सुमाराला आणि त्यानंतर. तेव्हा मोबाइलवर "शाळा दिसणे", "वर्गशिक्षक दिसणे", "शाळेत उशीर होणे" असे जे अर्थ येतात ते सगळे अलीकडे कोणीतरी भरलेले आहेत, म्हणूनच एका यादीत शाळा म्हणजे प्रगती असते आणि दुसरीत शाळा म्हणजे अडचण. त्याला परंपरा म्हणू नका प्लीज, मला खरंच त्रास होतो.

हांगचौकर:

@चिंचगूळ शाळेचं मान्य, अगदी मान्य, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण परीक्षेचं नाही मान्य. नानजिंगचं जुनं परीक्षाकेंद्र मी बघून आलेय. वीस हजारांच्या वर खोल्या होत्या तिथं, खोल्या कसल्या, कोनाडेच, दोन फळ्या दिलेल्या, दिवसा एक वर एक खाली लावून टेबल-बाक करायचं आणि रात्री दोन्ही एका पातळीवर आणून त्यावर पाय पोटाशी घेऊन झोपायचं. तीन दिवस आत, मग बाहेर, असं तीन वेळा. तिथं झोपलेल्या माणसाला कसली स्वप्नं पडत असतील? आणि निकालाची वाट बघताना?

त्यामुळेच तर परीक्षार्थी मुद्दाम स्वप्न मागायला जायचे. फूच्येन प्रांतात नऊ कार्प माशांचं तळं म्हणून जागा आहे, तिथं देवळात झोपून देवाकडे स्वप्न मागायची प्रथा होती. आमच्या हांगचौमध्ये सुद्धा यू छ्येन नावाच्या मिंग काळातल्या मंत्र्याच्या समाधी-देवळात लोक याच कामासाठी झोपायला जायचे. थांग यिन हा मोठा चित्रकार, त्याची गोष्ट सांगतात की त्याने त्या तळ्याकाठी स्वप्न मागितलं तर देवाने शाईच्या दहा हजार वड्या दिल्या. तो १४९८ ला प्रांताच्या परीक्षेत पहिला आला, दुसऱ्या वर्षी राजधानीच्या परीक्षेत पेपरफुटीच्या प्रकरणात अडकला, तुरुंग झाला, नोकरीचा रस्ता कायमचा बंद. मग जन्मभर चित्रं आणि अक्षरं विकून जगला. घरच्या एका मंडपाला त्याने त्या स्वप्नातल्या शाईचं नाव दिलं होतं. अधिकारपद नाही मिळालं पण शाई मिळाली, आणि आज त्याच्या चित्रांपुढे लोक तासन्‌तास उभे राहतात.

रोखठोक_सातारा:

गोष्ट सुंदर आहे, वाद नाही. पण स्वप्न मागायला गेलेले आणि काहीच न झालेले जे हजारो असतील त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही ना. तीनशेपैकी एकाचं जुळलं की तेवढंच पुढे सांगितलं जातं. माझ्या वर्गात दर वर्षी घडतं हे, शुभ रंगाचा पेन घेऊन पास झालेला मुलगा सगळ्यांना आठवतो, तोच पेन घेऊन राहिलेला कोणाला आठवत नाही.

आणि चिनी लोकांनाच हे तेव्हापासून कळत होतं. पहिल्या शतकातला विचारवंत वांग छोंग काय म्हणतो? तुम्हाला स्वप्नात अमका भेटला आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच भेटला तर त्याला विचारा, काल रात्री मी तुला दिसलो का रे? तो नाही म्हणेल. म्हणजे तुम्ही पाहिलंत ते त्याचं नुसतं चित्र, तो नव्हे. एवढं साधं, जाऊन विचारा आणि तपासा. परंपरा सांगायची तर हीसुद्धा चिनी परंपराच आहे, फक्त पोथीवाल्यांनाच मान का द्यायचा.

मिरजेची_वैद्य:

सरांशी अर्धी सहमत. आयुर्वेदाच्या अंगाने एक भर घालते. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, मग पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच फळ देत नाहीत असं चरक स्पष्ट म्हणतो. दहावीचा पेपर अनुभवलेल्यात जातो, विषय संपला. आपल्याकडे म्हणतातच की, मनी वसे ते स्वप्नी दिसे.

चिनी वैद्यकाचंही तसंच. त्यांच्या जुन्या वैद्यकग्रंथात यिन म्हणजे शरीरातला थंड अंश वाढला की मोठं पाणी ओलांडताना घाबरल्याचं दिसतं, यांग म्हणजे उष्ण अंश वाढला की आग दिसते, पोट भरलेलं असलं तर देताना दिसतं आणि रिकामं असलं तर घेताना. तिथं शुभ-अशुभ नाही, शरीर काय सांगतंय ते आहे. परीक्षेला उशीर झाल्याचं स्वप्न महिनोन्‌महिने पडत असेल तर मी आधी विचारीन की रात्री जेवण किती वाजता होतं आणि झोपेतून उठल्यावर छाती धडधडते का.

चिंचगूळ:

वैद्यताई, शरीर आहेच पण भाषा विसरू नका. चिनी अर्थ लावण्याची निम्मी गंमत उच्चारात आणि अक्षरं फोडण्यात आहे. शवपेटीला म्हणतात ग्वान-त्साय आणि अधिकारपद अधिक पैसा याचाही उच्चार ग्वान-त्साय, म्हणून शवपेटी दिसली की नोकरी लागणार. तीन राज्यांच्या काळात तिंग कू नावाच्या माणसाला पोटावर पाइनचं झाड उगवल्याचं दिसलं. पाइनचं अक्षर फोडलं की दहा, आठ आणि उमराव असे तीन तुकडे पडतात, तो म्हणाला मी अठरा वर्षांनी उमराव होणार, आणि झाला म्हणे. हा अर्थ मराठीत लावताच येत नाही! म्हणून मोबाइलवरचे भाषांतर केलेले अर्थ आपल्या लोकांनी वाचून स्वतःला लावणं मला पटत नाही, तिंग कूचं झाड दुसऱ्याच्या पोटावर उगवत नाही.

तायपेईहून:

इथं तायपेईत आता अकरावं वर्ष, मुलगी इथल्याच शाळेत जाते. सर, तुम्ही पुरावा मागताय ते ठीक, पण मला सांगा घाबरलेल्या मुलाला पुरावा हवा असतो का? इथं परीक्षेच्या दिवसांत लोक विद्येच्या वनछांग देवाच्या देवळात हॉलतिकिटाची झेरॉक्स ठेवतात, सोबत कांद्याची पात कारण तिचा उच्चार हुशारीसारखा, सेलरी कारण तिचा उच्चार कष्टासारखा. चीनमध्ये गाओकाओच्या म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी आया छीफाओ म्हणजे पारंपरिक चिनी झगा घालून गेटवर उभ्या राहतात, कारण झेंडा उभारताच जिंकलो या अर्थाच्या म्हणीची सुरुवात त्याच उच्चाराने होते. माझी मुलगी नववीला रडत उठली, पेपर कोरा दिला असं स्वप्न पडलं म्हणून, तर तिच्या मैत्रिणीच्या आजीने फोनवर तेच सांगितलं, उलटं असतं गं. पोरगी दहा मिनिटांत झोपली. मी तासभर समजावत होते त्याने झालं नव्हतं.

रोखठोक_सातारा:

ताई, मुलगी झोपली याचा मनापासून आनंद आहे. पण दुसरी बाजू मी बघितलीय. माझ्या एका विद्यार्थिनीला बोर्डाच्या आदल्या रात्री पेपर छान गेल्याचं स्वप्न पडलं, सकाळी तिने मोबाइलवर अर्थ शोधला तर लिहिलेलं की उलटं होईल. ती हॉलमध्ये बसली ती थरथरतच. पेपर तिला येत होता, मी तिचा शिक्षक आहे, मला माहितीये येत होता. तुमच्या आजीसारखी आजी शेजारी असली तर ती कोणाला काय सांगायचं ते बघून सांगते. यादी बघून सांगत नाही, यादी सगळ्यांना एकच सांगते. मला राग यादीचा आहे.

हांगचौकर:

सर, तुमचा हा प्रतिसाद दोनदा वाचला. हे मी मान्य करते, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या शतकातला विचारवंत वांग फू हेच म्हणून गेलाय. त्याने स्वप्नांचे दहा प्रकार सांगितले, उलटं स्वप्न हा त्यातला फक्त एक, तिथं उदाहरण छंगफूचंच आहे. आणि त्याच दहांत तो हेही सांगतो की तेच स्वप्न थोराला पडलं तर शुभ, सामान्याला पडलं तर अशुभ, सज्जनाला मान आणि क्षुद्राला अपमान. म्हणजे स्वप्नाच्या आधी माणूस बघा. ऋतू बघा, आजार बघा, त्याचा स्वभाव बघा. मी धाग्याच्या सुरुवातीला सगळंच एका पिशवीत घातलं होतं, ते चुकलं. पण थोतांड नाही म्हणणार मी अजूनही.

रोखठोक_सातारा:

माणूस बघूनच सांगायचं असेल तर मग स्वप्न हवंच कशाला, हा माझा प्रश्न राहतोच. असो. त्या आजींना स्वतःला पडायची का हो परीक्षेची स्वप्नं? आणि त्या स्वतःचं काय करायच्या?

हांगचौकर:

पडायची. दहा वर्षं प्रवेशपरीक्षाच बंद होत्या, त्या १९७७ च्या हिवाळ्यात परत सुरू झाल्या. सुमारे ५७ लाख लोक बसले आणि तीन लाखांच्या आत घेतले. आजी तेव्हा खेड्यात शेतावर पाठवलेल्या होत्या, वीस-बावीसच्या, दिवसभर काम करून रात्री दिव्याखाली जुनी पुस्तकं वाचायच्या. त्या वेळी राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात परत बसल्या आणि शिक्षिका झाल्या.

चाळीस वर्षांनंतरही त्यांना तोच हॉल दिसायचा, पहिलाच, जिथं राहिल्या तो. थंडीने पेनातली शाई गोठलीये आणि त्या निब तोंडाजवळ धरून फुंकर घालतायत, एवढंच. मी विचारलं होतं, मग याचा उलटा अर्थ काय लावता? त्या म्हणाल्या, मी अर्थ नाही लावत, उठते आणि पाणी गरम करायला ठेवते.