मदत हवी आहे: पाकिटावरची तारीख उलटली की सामान फेकायचं का?

नागपूरच्या इतवारी बाजारातून वर्षाचं सामान भरायची आमच्या घरची जुनी सवय. काल डबे आवरताना बेसनाचं पाकीट सापडलं, तारीख उलटून दीड महिना झालेला. वास ठीक, किडे नाहीत, चिमूटभर चाखलं तर कडूही नाही. सासूबाई म्हणतात, "नाक कशाला दिलंय देवानं? झुणका कर!" मुलगी म्हणते फेका.

'बेस्ट बिफोर' म्हणजे तोवर चव-दर्जा उत्तम आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खाऊच नका, एवढं मला माहीत आहे. या पाकिटावर 'बेस्ट बिफोर' आहे. पण ती तारीख थंड, कोरड्या जागी ठेवलं तरची! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात कूलरचा दमटपणा. मागच्या उन्हाळ्यात तर तारखेच्या आतलेच शेंगदाणे खवट निघाले. मग भरवसा तारखेवर ठेवायचा की नाकावर?

दूध-पनीरच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही. प्रश्न बेसन, रवा, तिखट, लोणच्याचा आहे. नागपूरकरांनो, तुम्ही काय करता? आणि उन्हाळ्यात बेसन फ्रीजमध्ये ठेवलं तर टिकतं का? झुणका तूर्तास थांबवलाय.