बीसीबीएचे तास: ६४० भरले, पण त्यातले चालणार किती?

आलेखवाली

नमस्कार मंडळी. बीसीबीएच्या (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट, म्हणजे वर्तन-विश्लेषकाचं प्रमाणपत्र) वाटेवर असलेलं, किंवा ती वाट पार केलेलं इथं कोणी आहे का?

मी अमेरिकेत अडीच वर्षं आरबीटी (बीसीबीएच्या देखरेखीखाली मुलांना थेरपी देणारी) म्हणून काम करते. गेल्या वर्षी मास्टर्सचा पहिला विषय सुरू झाला आणि लगेच फील्डवर्कचे, म्हणजे प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या देखरेखीखालच्या कामाचे, तास मोजायला घेतले. परवा रात्री सगळी बेरीज केली, ६४० तास! झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितलं. मग रकाने वेगळे केले आणि तोंड उतरलं. ५२० तास नुसते मुलांसमोर बसून थेरपी दिल्याचे, म्हणजे रिस्ट्रिक्टेड. अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे नोंदी, ग्राफ, योजना, पालक-प्रशिक्षण असल्या कामांचे, फक्त १२०. मी २००० तासांच्या मार्गाने चाललेय, त्यात ६० टक्के अनरिस्ट्रिक्टेड लागतात. माझे १९ टक्केसुद्धा नाहीत. हे वाया गेले का?

शिवाय मार्चमध्ये ९६ तास झाले आणि सुपरव्हिजन मिळालं ४ तास. शेवटच्या आठवड्यात आमच्या सुपरव्हायजर बाई रजेवर होत्या. पाच टक्क्यांनी ४.८ हवे होते. महिना बुडाला का?

आणि खरं बोचतंय ते वेगळंच. बाई म्हणतात, "तू सेशन फार छान घेतेस." म्हणून मला सेशनच मिळतात. प्रोग्राम (मुलाला काय, कसं शिकवायचं याची योजना) लिहायला मागितला की "पुढच्या महिन्यात बघू". त्याच माझ्या बॉस आहेत, त्यामुळे जीभ रेटत नाही.

जुनी_खोडी

आलेखवाली, आधी पाणी प्या. काही वाया गेलेलं नाही.

६० टक्क्यांचा हिशेब दर महिन्याला होत नाही, शेवटी एकूण तासांवर होतो. महिन्याला बघतात ते वेगळं: तास किमान २० हवेत आणि वरच्या मर्यादेच्या आत हवेत, किमान पाच टक्के सुपरव्हिजन, सुपरव्हायजरशी चार भेटी, आणि त्यातल्या एकीत तरी तुम्हाला क्लायंटबरोबर काम करताना पाहिलेलं असायला हवं. ग्रुप सुपरव्हिजन एकूण सुपरव्हिजनच्या निम्म्याहून जास्त चालत नाही. (१५०० तासांचा काँसन्ट्रेटेड मार्ग घेतलात तर दहा टक्के आणि सहा भेटी. तुमच्या बाईंचं वेळापत्रक बघता त्या फंदात पडू नका.)

मार्च वाचतो. ४ तास हे ८० तासांचे पाच टक्के, म्हणून एकट्याने केलेले १६ तास सोडून द्या आणि ८० लावा. सोडायचे ते थेरपीचेच सोडा, ते तुमच्याकडे नाहीतरी उतू चाललेत. मात्र चार भेटी किंवा ते निरीक्षण चुकलं असेल तर तास कमी करून भागत नाही, महिना गेलाच. तेवढं तपासा.

आता तुमच्याकडे ६२४ तास राहिले. २००० मध्ये रिस्ट्रिक्टेड जास्तीत जास्त ८०० चालतात. तुमचे ५०४ झाले, म्हणजे उरले २९६. अनरिस्ट्रिक्टेड मात्र अजून १०८० हवेत. १६ महिन्यांत आटपायचं तर महिन्याला साधारण ६८ तास. बाईंसमोर हाच आकडा ठेवा. "मला संधी मिळत नाही" म्हटलं की ती तक्रार होते, "मला महिन्याला ६८ तास लागतात, कुठून आणू?" म्हटलं की हिशेब होतो. आणि सुरुवातीला सही केलेला सुपरव्हिजनचा करार बाहेर काढा. त्यात त्यांनी काय कबूल केलंय ते वाचून जा.

ही ६० टक्क्यांची अट जाच वाटते, मलाही वाटायची. माझ्या ट्रेनिंगच्या काळात एक पाच वर्षांचा मुलगा चिमटे काढायचा. मी महिनाभर छातीठोकपणे सांगत होते की लक्ष वेधायला काढतो. माझे सुपरव्हायजर म्हणाले, "असेल. नोंदी आण." तीन दिवस कोपऱ्यात बसून प्रत्येक चिमट्याआधी काय झालं, नंतर काय झालं ते लिहिलं. बहुतेक चिमटे कोडं समोर आल्यावर निघत होते, आणि चिमटा बसला की आम्ही निमूट कोडं उचलून घेत होतो! म्हणजे चिमटा काढला की सुटका होते हे आम्हीच त्याला शिकवत होतो, तेही माझ्या त्या "छान" सेशनमध्ये. मग त्याला विश्रांती मागायचं कार्ड द्यायला शिकवलं, आणि कार्ड दिलं की खरोखर विश्रांती दिली. ग्राफ खाली यायला वेळ लागला, पण आला. त्या नोंदी, तो ग्राफ, ती योजना, आईला ती शिकवणं, हे सगळं अनरिस्ट्रिक्टेड. आणि उद्या बीसीबीए म्हणून पगार याच कामाचा मिळणार आहे.

सही_राहिली

एकच सांगते, कारण पोळले आहे. महिन्याच्या व्हेरिफिकेशन फॉर्मवर पुढचा महिना संपायच्या आत तुमची आणि सुपरव्हायजरची अशा दोन्ही सह्या हव्यात. माझा एक महिना निव्वळ "सोमवारी करू" म्हणता म्हणता गेला. ७८ तास! कागद सात वर्षं जपायचे असतात, तेव्हा क्लिनिकच्या भरवशावर राहू नका, स्वतःकडे प्रत ठेवा. कॉलेजचा गृहपाठ, बिलिंगची कामं, गाडीतला प्रवास हे तासांत धरू नका.

पाटीपेन्सिल

मध्येच विचारतो. माझी बहीण भारतात आहे, तिला हे करता येईल का?

जुनी_खोडी

बीसीबीए नाही. २०२३ पासून बीएसीबी (हे प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही. बहिणीला आयबीएओ किंवा क्यूएबीए या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं बघायला सांगा, त्यांच्या अटी वेगळ्या आहेत. आणि आलेखवाली, २०२७ पासून बीसीबीएच्या अटीही बदलतायत. तुमचा अर्ज त्यानंतर जाणार असेल तर हँडबुक पुन्हा वाचा.

आलेखवाली

उशिरा लिहितेय, माफ करा. मार्चच्या भेटी मोजल्या: चार भरल्या, एकीत निरीक्षणही होतं. हुश्श.

काल ६८ चा आकडा कागदावर लिहून बाईंकडे गेले. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मला वाटलं तुझे निम्मे तरी झाले असतील." त्यांनी कधी मोजलेच नव्हते. मीही नव्हते म्हणा. दोन मुलांचे ग्राफ आणि एका घरचं पालक-प्रशिक्षण माझ्याकडे आलंय. ६८ भरत नाहीत, जेमतेम ४० होतील. उरलेल्यासाठी बाहेरचा दुसरा सुपरव्हायजर घेतला तर चालतो म्हणे, पण क्लिनिकच्या मुलांची माहिती त्याला दाखवायला क्लिनिकची परवानगी लागणार. ती कोणी लेखी घेतली आहे का? पत्रात नेमकं काय लिहून घेतलंत?