गंभीर भाजलेल्या रुग्णाला जठरव्रणाचे औषध कशासाठी?

प्रश्न: माझ्या भावाचे निम्मे अंग भाजले आहे. पोटाची तक्रार नसताना त्याला रोज पँटोप्राझोल हे जठरातील आम्ल कमी करणारे औषध का देतात?

उत्तर १: मोठ्या भाजण्यात रक्तातील द्रव झिरपून जातो, जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटतो आणि मग ते आम्लापुढे टिकत नाही व त्यावर व्रण (जखमा) पडतात. असे व्रण लहान आतड्याच्या सुरुवातीलाही होतात, हे इंग्लिश शल्यचिकित्सक कर्लिंग यांनी १८४२ मध्येच नोंदवले होते.

उत्तर २: औषधाइतकेच, माझ्या मते किंचित अधिकच, महत्त्व पहिल्या २४ तासांत नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे सुरू केलेल्या आहाराला आहे. आम्ल दबल्याने न्यूमोनियाचा धोका वाढू शकतो, म्हणून औषध कधी थांबवणार, हेही डॉक्टरांना विचारावे.

उत्तर ३: नळीतून कॉफीच्या चोथ्यासारखा द्रव आला किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर ती व्रणातून रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते; तत्काळ परिचारिकेला दाखवावे.