यूट्यूबवर बघून 'समजलं' म्हणजे आलं काय?

शहापूरवाला:
मराठी मिडियममधनं दहावी करून पीयू सायन्सला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, गेलेली आपली बेळगावकडची पोरं हल्ली सगळं यूट्यूबवरच शिकालेत, मला काय पटत नाही. समोरचा इंटिग्रेशन घडाघडा सोडवतोय, आपण मान हलवतोय, वाटतं आलं की! मोबाईल बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर घे म्हटलं की पहिल्याच ओळीत गाडी अडली. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलंय, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत पुढं होते, पण आठवड्यानं न बघता आठवून लिहिणारेच पुढं गेले. आणि गंमत बघा, लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

खानापूरची पोर:
दादा, आमच्या गावाकडनं बेळगावला क्लासला येणं म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच. त्यात आणि सर इंग्लिशमध्ये बोलणार, अडलं की कन्नडात सांगणार, मी मनात मराठी करेपर्यंत फळा पुसलेला. डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात म्हणे, त्यातली जागा भाषेनंच अडवली तर फिजिक्स कुठं ठेवू? व्हिडिओ थांबवता तरी येतो.

शहापूरवाला:
येतो की, पण कुठं थांबवायचा? काय कळलं नाही हेच नवख्याला कळत नसतं. त्यात बाजूला आणखी दहा व्हिडिओ, कुठला आधी बघायचा हे ठरवण्यातच निम्मं डोकं जातंय.

निपाणीकर:
अहो पण नवख्याला सोडवलेलं उदाहरण बघणं फायद्याचंच असतं. थेट गणितात ढकललं तर नुसतं चाचपडण्यातच डोकं खर्च होतं, शिकताना डोक्यावर किती भार पडतो हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ स्वेलर 1980 च्या दशकापासून हेच सांगतोय. क्रमाचं म्हणाल तर 2017 पासून केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल स्वयम् आहे, त्यावर आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे कोर्स आहेत, आठवड्याला असाइनमेंट, शिकायला फुकट, परीक्षेची तेवढी फी. यूट्यूबलाच का धोपटताय?

शहापूरवाला:
स्वेलरचंच पुढचं सांगा की, थोडं यायला लागल्यावर नुसती उदाहरणं बघण्याचा उपयोग कमी होत जातो. आमची पोरं मार्चपर्यंत बघतच बसतात!

खानापूरची पोर:
मी सोडवते हो कागदावर. पण उत्तर जुळलं आणि मधली पायरीच चुकली असली तर कोण सांगणार? तेवढ्याला माणूस लागतो, मान्य. मग आठवड्यातनं एकदा वह्या तपासणारं कोणतरी खानापुरातच बसवा, क्लासची वर्षाची फी आणि रोजची बस कशाला?