मदत हवी आहे: आजोळी सापडलेली ही सुरी(?) कशाची?

गावाकडचा_पाहुणा: आजोळचं घर पाडायला घेतलंय. माळ्यावर एक विचित्र लोखंडी सुरी मिळाली. कोयता नाही, विळा नाही. शनिवारी भंगारवाला येतोय, त्याआधी सांगा. फोटो चढत नाहीये.

अण्णा_सांगलीकर: उसाचा कोयता. पाचट काढायला, वाढं छाटायला. आमच्याकडे घरटी दोन असतात.

निशिगंध: अण्णा, कोयता नाही म्हणालेत ते. पाहुणे, आजोळ कुठलं? लांबी किती? धार कुठल्या बाजूला?

गावाकडचा_पाहुणा: वेंगुर्ल्याजवळ. वीतभर पातं, रुंद आणि पातळ, अर्धचंद्रासारखं. धार बाहेरच्या फुगीर बाजूला.

अण्णा_सांगलीकर: मग धार चुकीच्या बाजूला लावलीय कोणीतरी.

कायदेपंडित: सावधान! 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष, म्हणजे जपण्याजोगी जुनी वस्तू, ठरते. भंगारात देऊ नका.

निशिगंध: नोंदणी मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा ठराविक प्रकारांनाच लागते. माळ्यावरच्या सुरीसाठी कोणी दारात येत नाही. पाहुणे, सोबत आणखी काही होतं?

गावाकडचा_पाहुणा: खास काही नाही. मध्ये झिजलेली एक फळी, तिच्यावर पांढरी खरखरीत पूड. आणि एक वाळका भोपळा. ते टाकून दिलं.

मालवणी_तात्या: अरे बाबा, हां आधी सांगूचा होता! माडी, म्हणजे माडाचो ताडीसारखो रस, काढूची सुरी ती. आमचो आजो माडावर चढी. फळयेर गारेच्या दगडाची पूड टाकून धार लावी, माडी भरूक भोपळो कमरेक. पोयीचो, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचो, शेंडो सकाळ-दुपार-सांज पातळ पातळ कापूचो लागता, कागदासारखो. जाड काप गेलो की पोय फुकट. कोयत्यान ता काम होणा नाय.

अण्णा_सांगलीकर: आमच्याकडे शिंदीला वेगळं हत्यार असतं. पण कोयत्यानेही जमतं.

मालवणी_तात्या: अण्णानु, तुमी एकदा माडार चढान बघा.

गावाकडचा_पाहुणा: थांबा. आजी त्याला आऊत म्हणायची! आम्हाला वाटायचं तिचा गोंधळ होतोय, औत म्हणजे नांगर ना?

निशिगंध: दोन्ही शब्द ‘आयुध’ म्हणजे हत्यार, यावरूनच. तिचा गोंधळ नव्हता, तुमचा होता.

मालवणी_तात्या: बरोबर. आमीय आऊतच म्हणतो.

खवय्या७: विषय निघालाच आहे तर, माडीचं व्हिनेगर पुण्यात कुठे मिळेल? सोरपोतेलला (गोव्याचं डुकराच्या मटणाचं कालवण) दुसरं चालत नाही.

गावाकडचा_पाहुणा: पण आजोबा पोस्टमन होते. माडी कोण काढणार?

निशिगंध: पणजोबा? जुन्या कागदांत अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा, परवाना आहे का बघा. 1878 च्या अबकारी कायद्यानंतर माडी काढायला परवाना लागायचा.

गावाकडचा_पाहुणा: कागद गेल्या महिन्यात जाळले. आईला फोन केला. म्हणाली, “असलं आपल्यात कोणी नव्हतं,” आणि लगेच विचारलं, “ती फळी कुठे टाकलीस?”

खवय्या७: व्हिनेगरचं कोणी सांगेल का?

अण्णा_सांगलीकर: गंज आला असेल तर लिंबू-मीठ चोळा. आणि कोयता म्हणूनच वापरा.

गावाकडचा_पाहुणा: भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलंय. उद्या ढिगाऱ्यात फळी शोधायला जातोय.