नाशिकमध्ये चांगली कॉफी कुठे प्यावी, आणि घरच्या फिल्टरमधून ती पातळ व आंबूस का उतरते?

प्रश्न : पाथर्डीफाटा

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी मैसूरला राहते. गेल्या डिसेंबरात मी तिच्याकडे तीन आठवडे राहिले, तेव्हा शेजारच्या आजी रोज सकाळी स्टीलच्या पेल्यातून जी कॉफी आणून देत, तिची चव अजून जिभेवर रेंगाळते आहे. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात साखरेबरोबर उकळलेली, वरून जायफळ किसलेली आणि वेलदोड्याची पूड घातलेली. ती मला आजही आवडते, पण तिच्यात जायफळाची चव पुढे असते आणि कॉफी मागे राहते, हे मैसूरला गेल्यावरच माझ्या लक्षात आले.

परत आल्यावर कॉलेज रोड आणि गंगापूर रोड या भागांतील चार-पाच कॅफे पालथे घातले. एके ठिकाणी कॅपुचिनो इतकी गोड होती की ती कॉफी आहे की खीर, हे कळेना. दुसऱ्या ठिकाणी दुधाला जळका वास होता. मग घरीच करायचे ठरवले. मैसूरहून दोन मजली स्टीलचा फिल्टर आणि अर्धा किलो भाजलेल्या बिया आणल्या होत्या. पाकिटावर ‘प्लांटेशन ए, मध्यम भाजणी’ असे लिहिले आहे आणि त्यात चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नाही. बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळते, आरओचे पाणी उकळते, कुठेतरी वाचल्याप्रमाणे दोन मिनिटे निवू देते आणि फिल्टरमध्ये ओतते. पाच मिनिटांत सगळे पाणी खाली उतरते आणि हाती येतो तो चहाच्या रंगाचा, पातळ, आंबूस अर्क. दूध घातले की त्यात कॉफी उरतच नाही. बिया तर चांगल्या आहेत. मग चूक कुठे होते आहे? आणि शहरात चांगली कॉफी देणारी जागा ओळखावी कशी?

प्रतिसाद : वाफेची नळी

ताई, मी गंगापूर रोडवरील एका कॅफेत चार वर्षे कॉफी बनवण्याचे काम केले आहे, म्हणून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. दुकानांची नावे मुद्दाम सांगत नाही, कारण कॉफी ही बनवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि हाताला वळण लागलेला मुलगा नोकरी सोडून गेला की त्याच दुकानातली, त्याच यंत्रावरची कॉफी पंधरा दिवसांत बिघडते. त्यापेक्षा पारख उपयोगी पडेल.

ऑर्डर देण्यापूर्वी काउंटरजवळ दोन मिनिटे उभ्या राहा आणि दूध तापवण्याच्या वाफेच्या नळीकडे पाहा. तिच्या टोकाला वाळलेल्या दुधाचा पिवळसर पापुद्रा दिसला, तर तिथे दुधाची कॉफी पिऊ नये. जिथे काम नीट चालते तिथे दर वेळी दूध तापवून झाले की नळी ओल्या फडक्याने पुसतात आणि आत शिरलेले दूध बाहेर पडावे म्हणून क्षणभर वाफ मोकळी सोडतात. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवले की त्याचा स्वतःचा गोडवा खुलतो. ७० अंशांच्या पुढे गेले की तो नाहीसा होऊन उतू गेलेल्या दुधासारखा वास येऊ लागतो. आपल्याकडे ‘कॉफी कडक गरम द्या’ असे पुष्कळ जण सांगतात, त्यामुळे मुलांना दूध जास्त तापवण्याची सवयच लागते. तुम्हाला आलेला जळका वास बहुधा त्याचाच असावा, नाहीतर यंत्रात साचून राहिलेल्या कॉफीच्या जुन्या तेलाचा.

दुसरे म्हणजे, तुम्ही कॉफी मागितल्यावर ग्राइंडरचा आवाज आला पाहिजे. सकाळीच दळून ठेवलेल्या पुडीचा सुवास दुपारपर्यंत उरत नाही. एस्प्रेसोसाठी, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीसाठी, साधारण १८ ग्रॅम पूड घेऊन तिच्यातून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास अर्क उतरवतात. तो दहा सेकंदांत भसकन उतरला तर आंबट आणि पाणचट लागतो, पाऊण मिनिट रेंगाळला तर कडूजहर होतो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे हे गणित रोज थोडे हलते आणि चांगला माणूस सकाळी पहिले दोन-तीन कप स्वतः चाखून, ओतून देऊन ग्राइंडर जुळवून घेतो. कॅफेत शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा, पहिल्या भेटीत साधी, बिनसाखरेची कॉफी मागवा, आणि बिया कोणत्या मळ्यातल्या आहेत व कधी भाजल्या आहेत, एवढे दोनच प्रश्न विचारा. चिकमगळूर, कोडगू किंवा अराकू या कॉफी पिकवणाऱ्या भागांपैकी काही नाव घेऊन भाजणीची तारीख सांगणारा माणूस भेटला, तर तिथे पुन्हा जायला हरकत नाही. ‘मॅडम, अराबिका आहे’ एवढेच, म्हणजे फक्त कॉफीच्या जातीचे नाव, उत्तरादाखल मिळाले, तर ते द्राक्षे घ्यायला गेल्यावर ‘हिरवी आहेत’ असे ऐकण्यासारखे आहे.

प्रतिसाद : नाशिकरोडचा फिल्टर

माझे वडील तंजावूरहून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. आईचा फिल्टर मात्र घरात अखंड चालू राहिला. पाच मिनिटांत पाणी उतरते, हे वाचताच तुमची चूक माझ्या लक्षात आली. ती मिक्सरमध्ये आहे.

मिक्सरचे पाते बिया दळत नाही, तोडते. तुमची पूड एकदा मैद्याच्या चाळणीवर घेऊन पाहा. खाली पिठासारखी भुकटी पडेल आणि वर कण्या उरतील. कण्यांच्या फटींतून पाणी धावत निघून जाते. कॉफीतला आंबटपणा आधी सुटतो, गोडवा आणि भरीवपणा मागाहून येतो, म्हणून घाईने उतरलेला अर्क आंबूस राहतो. फिल्टरसाठी पूड बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक आणि सगळीकडे सारखी असावी लागते. त्यासाठी दातेरी चकत्यांचा हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्यावा, किंवा जिथून बिया घ्याल तिथे ‘फिल्टरसाठी’ असे सांगून थोड्या थोड्या दळून घ्याव्यात.

आमच्या घरची पद्धत अशी. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पूड घालून भांडे हलकेच आपटून ती सपाट करायची आणि दांड्याची छत्री (फिल्टरबरोबर येणारी छिद्रांची चकती) वर ठेवून अगदी हलका दाब द्यायचा, दाबून वडी करायची नाही. आधी दोन-तीन चमचे उकळते पाणी छत्रीवर गोल फिरवून ओतायचे आणि अर्धा मिनिट थांबायचे. पूड ताजी असेल तर ती या वेळी फुगून वर येते आणि छत्रीच्या कडेने बारीक बुडबुडे दिसतात, कारण भाजताना बियांत कोंडलेला वायू बाहेर पडत असतो. काहीच हालचाल झाली नाही तर पूड जुनी समजावी. मग उरलेले पाणी, एकूण १२० मिलिलिटरच्या आसपास, ओतून झाकण लावावे आणि वीस-पंचवीस मिनिटे त्याकडे पाहू नये. उतरलेले डिकॉक्शन पेला तिरका केल्यावर कडेला तपकिरी माग सोडते. ते पुन्हा गॅसवर ठेवू नये, कडवट होते. सायीचे दूध वेगळे उकळून त्यात मिसळावे आणि पेल्यातून डबऱ्यात (पेल्याबरोबरच्या पसरट वाटीत) दोन-तीनदा वरखाली करावे.

आता चिकोरीविषयी. त्या आजींच्या कॉफीत ती बहुधा होती. चिकोरी हे एका झाडाचे मूळ आहे, ते भाजून दळतात, त्यात कॅफिन नसते. तिला भेसळ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. तिच्यामुळे रंग गडद होतो, अर्क दाट होतो आणि दुधापुढे कॉफी टिकून राहते. फक्त प्रमाण पाहून घ्यावे. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे, असा नियम आहे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असलेले पाकीटही कॉफीच्याच फळीवर मांडलेले असते. घरी ८० ला २० च्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

बाहेरच्या कॉफीबद्दल एवढेच सांगतो, की कॅफेंच्या मागे लागण्याआधी एखाद्या जुन्या उडुपी हॉटेलात सकाळी सातला जा. तेव्हा दिवसाचे पहिले डिकॉक्शन असते. तीच कॉफी दुपारी चारला प्याल तर दोष देत बाहेर पडाल, कारण तोवर ते तासन्‌तास गरम राहून शिळे झालेले असते.

प्रतिसाद : दिंडोरीचा बागायतदार

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु पाण्याचा विषय राहिला आणि तो तुमच्या बाबतीत मोठा आहे. कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुडीतला स्वाद बाहेर ओढतात, तर बायकार्बोनेट आंबटपणाला आवर घालते. आरओ हे बहुतेक सगळे काढून टाकते, त्यामुळे त्या पाण्यातली कॉफी तीक्ष्ण आणि पोकळ लागते. उलट आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की किटलीच्या तळाला महिन्याभरात पांढरा थर धरतो आणि त्यात कॉफी खडू कालवल्यासारखी होते. कॉफीच्या जगातले मानक विद्राव्य क्षारांचे प्रमाण लिटरला ७५ ते २५० मिलिग्रॅम ठेवावे, असे सांगते, आणि १५० ला आदर्श मानते. हे क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. तुमच्याकडे महापालिकेचे पाणी येत असेल तर ते गाळून-उकळून आरओच्या पाण्यात मिसळत जा आणि मीटरवर आकडा पाहा.

दोन मिनिटे पाणी निवू देण्याचा सल्ला समुद्रसपाटीच्या शहरांतला आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी उकळतेच मुळी ९८ अंशांना, आणि कॉफीला हवे असते ९२ ते ९६. ओतताना आणि थंड भांड्याला लागताच ते तेवढे उतरते. तुम्ही दोन मिनिटे थांबता तेव्हा ते ९० च्याही खाली गेलेले असण्याची शक्यता आहे, आणि आंबूसपणाला तेही कारण आहे. थंडीच्या दिवसांत तर मी फिल्टर आधी गरम पाण्याने विसळून घेतो. निफाड-दिंडोरीच्या जानेवारीतल्या पहाटे स्टील हातात धरवत नाही.

आणखी एक अनुभव, कारण आम्हा द्राक्षवाल्यांकडे हे यंत्र असते. मण्यांतली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मी उत्साहाने काळ्या कॉफीवर लावून पाहिला. त्याचा पट्टा शून्यापासून ३२ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे टक्के) असतो, आणि दूध न घातलेल्या साध्या कपात विरघळलेला अंश सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, त्यामुळे रेषा शून्यापासून जेमतेम हलते. कॉफीसाठी तसलेच, पण फार सूक्ष्म मोजणारे यंत्र मिळते. घरी त्याची गरज नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मात्र जरूर घ्यावा, कारण गडद भाजलेल्या बिया हलक्या होतात आणि चमच्याचे माप दर पाकिटाला फसवते. बागेत घाई असते तेव्हा मी फ्रेंच प्रेस (दांड्याची जाळी दाबून पूड तळाला बसवायचे भांडे) वापरतो: जाडसर पूड १५ ग्रॅम, पाणी २४० मिलिलिटर, चार मिनिटे. त्यात दूध घालू नये.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रतिसाद : पाथर्डीफाटा

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, म्हणजे कशाने काय झाले ते कळावे. पहिल्या दिवशी फक्त पूड बदलली. एका कॅफेतल्या मुलाने शंभर ग्रॅम बिया फिल्टरसाठी दळून दिल्या, त्याही पैसे न घेता. अर्क उतरायला पाचऐवजी अठरा मिनिटे लागली आणि रंग प्रथमच काळसर आला. आंबूसपणा निम्म्याहून कमी झाला. दुसऱ्या दिवशी पाणी न निववता ओतले. थोडा फरक पडला. तिसऱ्या दिवशी आरओच्या पाण्याचा आकडा पाहिला, तो २८ होता. त्यात नळाचे उकळलेले पाणी मिसळून ११० वर आणले आणि त्या कपात मला प्रथमच काहीतरी गोड, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपासचे लागले. साखर घातली नव्हती. चिकोरी मुलीने पाठवली आहे. २० टक्के मला जास्त वाटली, १० वर थांबले.

मैसूरच्या आजींना फोन करून विचारले. त्या २५ टक्के घालतात.

एक अडचण उरली आहे. दोन आठवड्यांत फिल्टरची छिद्रे बुजू लागली आहेत, घासूनही मोकळी होत नाहीत. शिवाय मे महिन्याच्या उन्हाळ्यात बिया फ्रीजमध्ये ठेवाव्यात काय?

प्रतिसाद : नाशिकरोडचा फिल्टर

वरचे भांडे रिकामे आणि कोरडे करून चिमट्याने धरून गॅसच्या आचेवर तळाकडून मिनिटभर फिरवा. छिद्रांत बसलेली पूड जळून राख होते. निवल्यावर आपटली की झडते. मग भांडे धुऊन उजेडाकडे धरून पाहा, सगळी छिद्रे दिसली पाहिजेत. हे फक्त अखंड स्टीलच्या भांड्याला करावे. पितळी फिल्टर असेल तर आच लावू नये, कल्हई उतरते. आईचा पितळी फिल्टर आम्ही आजही भांडी बाजाराकडे कल्हईला देतो.

बिया फ्रीजमध्ये ठेवू नका. दर वेळी डबा बाहेर काढला की आत दव धरते आणि बिया शेजारच्या लसणाचा वासही ओढून घेतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून दूरच्या बंद कपाटात ठेवा, आणि अर्धा किलोऐवजी एका वेळी २०० ग्रॅमच मागवा.