समुद्रतळाचे गोटे काढणं म्हणजे रेतीउपसा नव्हे

ऐरोलीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘मुंब्र्याच्या खाडीत रेती ओढतात तेच हिंदी महासागरात करायचं, फक्त पाइप लांब.’ साफ चूक. तिथे तळावर पडलेले निकेल-कोबाल्टयुक्त गोटे वर आणायचे आहेत. जहाजावरच्या पंपाला ओढायला वातावरणाचा दाब मिळतो, जेमतेम १० मीटर पाण्याइतका. गोट्यांनी जड झालेलं पाणी त्यात ५ किमी वर येणार कसं? म्हणून पंप खाली बसवतात, नाहीतर रायझरमध्ये, म्हणजे तळापासून जहाजापर्यंतच्या उभ्या पाइपमध्ये, अधल्यामधल्या खोलीवर हवा सोडतात. आतलं पाणी हलकं झालं की बाहेरचं पाणी गोटे वर रेटतं. २,००० मीटरवर सोडलेली हवा पृष्ठभागापर्यंत जवळपास २०० पट फुगते, त्यामुळे वरचा पाइप रुंद लागतो. मध्येच पंप बंद पडला तर चढते गोटे खाली बसून पाइप तुंबतो. तळाशी डम्प व्हॉल्व्ह, म्हणजे अडकलेले गोटे बाहेर सोडणारी झडप, हवाच.

वाशी_१७: पाइपचं पटलं. पण हे जमतंय. एनआयओटीचं (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं) ‘वराह’ हे तळावर चालणारं यंत्र २०२१ मध्ये ५,२७० मीटरवर चाललं. २०२२ मध्ये प्रशांत महासागरात ४.३ किमी रायझरमधून सुमारे ३,००० टन गोटे जहाजावर आले. २००२ पासून हिंदी महासागरात ७५,००० चौ. किमी.त गोटे शोधण्याचा आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार आहे आपला. निकेल-कोबाल्ट काय कायम बाहेरूनच आणायचं?

कळवा_खाडी: पाइप सोडा, गाळाचं बोला! खाडीत रेती उपसणाऱ्या ड्रेजरचा हॉपर, म्हणजे रेतीची टाकी, भरला की वरचं गढूळ पाणी ओव्हरफ्लोतून पुन्हा खाडीत. चोरटे सक्शन पंप काठालगत खड्डे पाडतात, वरचा काठ घसरतो, कांदळवनाची मुळं उघडी पडतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पंप थांबले का?

वाशी_१७: अहो, धागा कशाचा आहे?

कळवा_खाडी: गाळाचाच! इथे डोळ्यांदेखत रोखता येत नाही, तिथे ५ किमी खाली कोण बघणार?

ऐरोलीकर: राग रास्त, तुलना चुकीची. खाडीचा तळ भरती-ओहोटी रोज ढवळते. खोल समुद्रातला चिखल शांत, आणि गोटा १० लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. पेरूजवळ समुद्रतळावर १९८९ मध्ये प्रयोगासाठी नांगरलेले चर २६ वर्षांनीही दिसत होते.

वाशी_१७: पटानिया-२ या गोटे गोळा करणाऱ्या यंत्राच्या २०२१ च्या चाचणीत उडालेल्या गाळापैकी ९२ ते ९८ टक्के तळापासून २ मीटरच्या आतच राहिला, तेही सांगा.

ऐरोलीकर: राहिला, मान्य. पण जीव त्याच २ मीटरमध्ये राहतात. शिवाय त्या यंत्राला रायझरच नव्हता, म्हणजे जहाजावरून परत सोडायचं गढूळ पाणी त्या मापात नाही.

वाशी_१७: ठीक, हा मुद्दा तुमचा. ते पाणी खोलवर सोडता येईल, त्यासाठी दुसरा पाइप लागेल.

कळवा_खाडी: आणि तो किती खोल सोडला, हे मोजणार कंत्राटदारच ना?